आधी भिंत, मग मशीन

"ड्रिल मशीन घ्यायचंय, किती वॅटचं घेऊ?" असं कुणी विचारलं की मी त्यांनाच विचारते, घराची भिंत कशाची आहे? बहुतेक जण इथे थबकतात. हॉलच्या रंगाचा नंबर, टाइल्सची साइज, मॉड्युलर किचनचा लॅमिनेट, सगळं तोंडपाठ असतं. भिंत आतून कशाची आहे हे मात्र ठाऊक नसतं. फ्लॅट घेताना कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

हा प्रश्न मूळचा बाबांचा. साताऱ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथेच असायचे. "सहाचा बिट द्या" (बिट म्हणजे ड्रिलच्या तोंडात बसणारं, भोक पाडायचं पातं) म्हणत गिऱ्हाईक आलं की ड्रॉवरला हात घालण्याआधी बाबा विचारायचे, "कशात मारायचाय?" लाकडाचा बिट वेगळा, लोखंडाचा वेगळा, भिंतीचा वेगळा. भिंत म्हटलं की पुढचा प्रश्न, "वीट का दगड?" गिऱ्हाइकाला घाई असायची, पण उत्तर मिळाल्याशिवाय बाबा माल काढत नसत. आता भिंतींचे प्रकार वाढलेत आणि आपण मशीन फोनवरून मागवतो, त्यामुळे हा प्रश्न विचारणारं मध्ये कुणी उरलेलं नाही. म्हणून मी तो विचारत राहते.

भिंत ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे भोकातून पडणारी भुकटी. सुरुवातीचा सेंटीमीटरभर पांढरट किंवा करडी भुकटी पडते, ते प्लॅस्टर. आतल्या बाजूचं प्लॅस्टर साधारण 12 मिलिमीटरचं असतं. त्यानंतर रंग बदलतो. लाल-नारिंगी आली तर भाजलेली वीट. कोकणात किंवा गोव्यात तांबूस-तपकिरी, जरा ओलसर आली तर जांभा दगडाचा चिरा. अगदी पांढरीशुभ्र, पिठासारखी आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तो एएसी, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सर्रास 'सिपोरेक्स' म्हणतात. करडी, खरखरीत भुकटी पडत असेल, आवाज चढलेला असेल आणि बिट जागचा हलत नसेल, तर ते काँक्रीट आहे.

जुन्या पद्धतीच्या बिल्डिंगमध्ये काँक्रीट फक्त कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये असतं, बाकी सगळी वीट. त्यामुळे घरातली बहुतेक कामं विटेत होतात. पडद्याचा रॉड मात्र फसवतो, कारण खिडकीच्या वर लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारा आडवा पट्टा असतो, आणि लिंटेल काँक्रीटचं असतं. खाली फोटोफ्रेमसाठी सुरळीत चाललेलं मशीन खिडकीच्या वर अडलं की माणसाला वाटतं मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं, भिंत बदललेली असते.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या, ठाण्याच्या टॉवरांमध्ये आणखी एक बदल झालाय. अॅल्युमिनियमच्या साच्यांत स्लॅब आणि भिंती एकत्रच ओततात. साइटवर सगळे त्याला 'मायवान' म्हणतात. अशा घरात खाटेमागची, देवघरामागची, टीव्हीमागची, जवळजवळ प्रत्येक भिंत सळई घातलेलं काँक्रीट असते. आता आकडे बघा. एम-25 दर्जाचं काँक्रीट 28 दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन दाब सोसतं. सिपोरेक्सचा ब्लॉक तीन-चार न्यूटनच्या घरातला. पत्ता एकच, बिल्डिंग शेजारशेजारच्या, पण एकीत शेजाऱ्याकडून मागून आणलेलं साधं मशीन पुरतं आणि दुसरीत तेच मशीन तासभर घासलं तरी अर्धा इंचही आत जात नाही.

आपल्या काँक्रीटची आणखी एक गोष्ट आहे, ती मशीनच्या कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. क्रशरवर तोच दगड फोडून खडी होते आणि तीच खडी काँक्रीटमध्ये जाते. साइटवर वीस एमएमची आणि दहा एमएमची खडी मिसळतात. तुमचा बिट सहा एमएमचा. म्हणजे वाटेत त्याच्या तिप्पट रुंदीचा बेसॉल्टचा तुकडा नेमका समोर येऊ शकतो, आणि सिमेंटच्या मानाने तो कितीतरी कठीण असतो. एकाच भिंतीत एक भोक झटक्यात पडतं आणि बोटभर अंतरावरचं दुसरं पडत नाही, ते यामुळे.

हे लक्षात घेऊन खोक्याकडे वळलं की आकडे समजायला लागतात. सगळ्यात ठळक छापलेला आकडा वॅटचा, आणि घरगुती कामात सगळ्यात कमी सांगणाराही तोच. 550 वॅट म्हणजे मशीन लाइनमधून किती वीज ओढतं. त्यातली बरीच उष्णतेत आणि घर्षणात जाते, बिटाच्या टोकापर्यंत सगळी पोहोचत नाही. 230 व्होल्टला 550 वॅट म्हणजे जेमतेम अडीच अँपिअर, त्यामुळे घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ते आरामात चालतं. त्यासाठी गिझरचा मोठा पॉइंट शोधायची गरज नाही. वीजबिलाची काळजीही नको. दहा मिनिटं सलग चालवलं तरी युनिटचा दहावा भागसुद्धा होत नाही. घरासाठी 500 ते 600 वॅट पुरतात. 800-900 वॅटचं मशीन जड असतं, आणि बिट कुठे अडकला तर ते मनगटाला हिसकाही तितकाच मोठा देतं.

चकवर, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडावर, 10 किंवा 13 एमएम लिहिलेलं असतं. तेवढंच भोक पडेल असा त्याचा अर्थ नाही. तेवढ्या जाडीपर्यंतची बिटाची दांडी त्यात बसेल, एवढंच. भोकाची कमाल मापं वेगळी दिलेली असतात. उदाहरणार्थ लाकडात 25, लोखंडात 10, काँक्रीटमध्ये 13. पदार्थ बदलला की एकाच मशीनची ताकद कशी बदलते ते या तीन आकड्यांत दिसतं. घाईतही मी ही ओळ वाचायला सांगते. काँक्रीटचं माप मात्र 'इथपर्यंत ओढूनताणून जाईल' अशा अर्थाने घ्यावं, रोजच्या कामाला त्याच्या निम्मं धरावं.

आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे होतात त्याचा आकडा मला मनापासून आवडतो, कारण त्याच्यामागचा हिशेब कुणालाही करून बघता येतो. साध्या पोलादात हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार मिनिटाला 30 मीटरच्या आसपास सरकावी असा ठोकताळा आहे. तीन एमएमच्या बिटासाठी हे गणित तीन हजार फेऱ्यांवर येतं आणि दहा एमएमच्या बिटासाठी साडेनऊशेच्या आसपास. बिट जाड, तर फेरे कमी. ग्रिलला किंवा अँगलला भोक पाडताना पूर्ण वेगाने दहाचा बिट चालवला की टोक निळं पडतं, धार जाते, आणि लोक म्हणतात बिट हलका निघाला. म्हणून खोक्यावर '0 ते 2800' असं शून्यापासून सुरू होणारं माप हवं, म्हणजे ट्रिगर जितका दाबू तितका वेग मिळतो. टाइलवर भोक सुरू करतानाही हा हळू वेगच कामाला येतो. उलट फिरण्याची सोय असावी, अडकलेला बिट त्यानेच बाहेर येतो.

आता त्या आकड्याकडे येते ज्याने सगळ्यात जास्त लोकांची दिशाभूल होते. इम्पॅक्ट ड्रिलवर लिहिलेलं असतं, मिनिटाला 44,800 ठोके. वाचताना छाती दडपते. शेजारी ठेवलेल्या रोटरी हॅमरवर लिहिलेलं असतं, जेमतेम चार-साडेचार हजार. कुणीही पहिलंच उचलेल. पण हे ठोके येतात कुठून ते बघावं. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये करवतीसारखे दाते असलेल्या दोन चकत्या समोरासमोर असतात. एक फिरते, दुसरी स्थिर. दात्यावरून दाता घसरला की बिट किंचित पुढे-मागे होतो. चकतीला 16 दाते आणि फेरे 2800, गुणाकार केला की 44,800. म्हणजे तो आकडा ताकदीचा नाहीच, दाते मोजल्याचा आहे. शिवाय हा ठोका आपण मागून जितका जोर लावू तितकाच बसतो. विटेला तो भरपूर होतो. काँक्रीटमध्ये चार भोकं पाडायची असतील तर निभावतं. बेसॉल्टच्या खडीपुढे तो नुसता घासत राहतो, बिट तापतो आणि खांदा दुखतो.

रोटरी हॅमरचं यंत्रच निराळं. आत एक नळकांडं असतं, मोटर त्यात दट्ट्या मागे-पुढे करते. दट्ट्या आणि आतला ठोकळा यांच्यामध्ये हवा असते. ती दाबली जाते आणि ठोकळ्याला पुढे फेकते, आणि तो ठोकळा बिटाच्या बुडावर आदळतो. त्यामुळे जोर माणसाने लावायचा नसतो. मशीन नुसतं सरळ धरायचं, काम आतली हवा करते. या ठोक्याची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. दोन किलो वर्गातल्या मशीनमध्ये ती दोन ते पावणेतीन ज्यूल असते. काँक्रीटच्या घरात राहणाऱ्याने खोक्यावर हाच एक शब्द शोधावा. ज्यूल लिहिलेले असतील तर ते खरं हॅमर मशीन. नुसते ठोके लिहिलेले असतील तर आत दातेरी चकत्या आहेत असं समजावं. विक्रीच्या साइटवर दोन्हींना 'हॅमर ड्रिल' म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

हॅमर मशीनचा बिटही वेगळा लागतो. त्याची दांडी गोल गुळगुळीत नसते, तिला खाचा असतात. त्या पद्धतीला एसडीएस म्हणतात. बॉश आणि हिल्टी या कंपन्यांनी ती 1970 च्या दशकात आणली. घरगुती आकाराच्या मशीनला एसडीएस प्लस बसतो, त्याची दांडी 10 एमएमची असते. बिट चकमध्ये घट्ट आवळलेला नसतो. ठोका खाऊन थोडा मागे-पुढे सरकायला त्याला मुद्दाम जागा ठेवलेली असते. जुने गोल दांडीचे बिट त्यात बसत नाहीत, हे खरेदीच्या वेळीच लक्षात ठेवावं.

कंपनीच्या मॉडेलच्या नावातही बरंच काही लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही एवढंच. बॉशचंच उदाहरण देते, कारण ती मशीनं आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल, जीबीएच म्हणजे रोटरी हॅमर. 'जीबीएच 2-26' मधला 2 हा वजनाचा वर्ग आणि 26 म्हणजे काँक्रीटमध्ये पडणारं मोठ्यात मोठं भोक मिलिमीटरमध्ये. 'जीएसबी 18व्ही-50' मध्ये 18 व्होल्टची बॅटरी आणि 50 न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला काउंटरवर उभं राहिलं की दुकानदार नुसत्या या अक्षरांवरूनच बोलतात.

आमच्या मजल्यावरच्या काकूंना देव्हारा भिंतीवर लावून घ्यायचा होता. बिल्डिंग मायवानची. एक मिस्त्री येऊन गेला होता, त्याच्याकडे इम्पॅक्ट ड्रिल होतं. भिंतीला दोन उथळ खळगे करून "लई कडक आहे हो" म्हणत तो परत गेला. काकूंचा समज झाला की आपल्या भिंतीवर देव्हारा लावताच येणार नाही. समईसुद्धा तेव्हापासून ओट्याच्या कडेला ठेवलेली. मी एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून दोन किलोचं हॅमर मशीन आणलं.

आधी आम्ही भिंत वाचली. देवघराच्या कोनाड्यात एक स्विचबोर्ड होता. बोर्डापासून वायरची नळी सहसा सरळ वर किंवा सरळ खाली जाते, म्हणून बोर्डाच्या उभ्या रेषेत हात लावायचा नाही असं ठरवलं. पलीकडे बाथरूम नाही ना, पाण्याची लाइन नाही ना, तेही पाहिलं. देव्हाऱ्याच्या मागच्या पट्टीवरून पेन्सिलने खुणा केल्या, लेव्हल लावून पाहिली. काकूंनी जुनं कॅलेंडर दुमडून खुणेच्या खाली चिकटपट्टीने लावलं, भुकटी त्यात पडावी म्हणून. 8 एमएमचा बिट, 8 एमएमची गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट धरायला भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी. गिट्टी 40 एमएम लांब, म्हणून बिटावर 50 एमएमवर चिकटपट्टी गुंडाळली. भोक गिट्टीपेक्षा सेंटीमीटरभर खोल हवं, नाहीतर तळाशी साचलेल्या भुकटीमुळे गिट्टी पूर्ण आत बसत नाही.

मशीन भिंतीला काटकोनात टेकवलं, हळू सुरू केलं, खळगा पडल्यावर पूर्ण दाबलं. करडी भुकटी कॅलेंडरवर पडायला लागली आणि काही सेकंदांत चिकटपट्टी भिंतीला टेकली. काकू म्हणाल्या, "एवढंच?" दुसऱ्या खुणेवर मात्र 30 एमएमच्या आसपास आवाज बदलला. घुमल्यासारखा आवाज जाऊन कर्कश, धातूचा झाला आणि बिट तिथेच थांबला. बाहेर काढून टॉर्च मारला तर आत चकचकीत ठिपका. सळई. तिच्यावर जोर करायचा नसतो. काँक्रीटच्या बिटाचं टंगस्टन कार्बाइडचं टोक पोलाद कापायला बनवलेलं नसतं, ते तिथे फुटतं. आणि भार सोसणाऱ्या भिंतीतली सळई तोडायचीच नसते. देव्हाऱ्याची पट्टी इंचभर सरकवली, खुणा पुन्हा केल्या, भोक पडलं. भुकटी काकूंच्या जुन्या टूथब्रशने आणि सायकलच्या पंपाने साफ केली. गिट्टी हातोडीच्या दोन टिचक्यांत भिंतीशी सपाट बसली. स्क्रू आवळताना शेवटचे दोन-तीन पीळ जड जायला लागले, तेव्हा कळलं की गिट्टी आत फुलली.

ही नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्तुर फिशर यांनी 1958 साली काढली. त्याआधी सुतार छिन्नीने भिंतीत चौकोनी भोक पाडायचे, लाकडाचा ठोकळा ठोकून बसवायचे आणि त्यात स्क्रू मारायचे. जुन्या घरांत अजून ते ठोकळे सापडतात. माझ्या मते घरच्या कामात मशीनइतकंच गिट्टीचंही महत्त्व आहे, पण ती फुकट मिळाल्यासारखी वापरली जाते. स्क्रूच्या पाकिटात आलेली पातळ, पांढरी, कडक प्लास्टिकची गिट्टी मी सरळ बाजूला ठेवते. सिपोरेक्समध्ये तर साधी गिट्टी धरतच नाही. तिथे हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी मोठ्या आट्यांची गिट्टी वापरायची. ठोके दिले तर भोक आतून भुगा होऊन रुंद होतं. आणि विटेच्या भिंतीतही गिट्टी प्लॅस्टर ओलांडून विटेत गेलीच पाहिजे. 25 एमएमची आखूड गिट्टी लावली तर तिचा निम्मा भाग प्लॅस्टरमध्येच राहतो.

बॅटरीवरच्या मशीनबद्दल हल्ली फार विचारणा होते. 1961 साली ब्लॅक अँड डेकरने पहिलं बिनवायरचं ड्रिल आणलं. लिथियम बॅटरी आल्यावर ही मशीनं खऱ्या अर्थाने घराघरात पोहोचली. इथे वॅट नसतात, व्होल्ट असतात. एका कंपनीचं 18 व्होल्ट आणि दुसरीचं '20 व्होल्ट मॅक्स' यांत फरक नाही. आत तेच पाच सेल. प्रत्येकाचा नेहमीचा दाब 3.6 व्होल्ट धरला तर 18 होतात, नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचे 4 धरले तर 20. तसंच 10.8 आणि '12 मॅक्स'. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की टाकीत किती आहे ते कळतं. 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॅट-अवर. फर्निचर जोडायला, बिजागरी बदलायला, सायकलला स्टँड बसवायला 12 व्होल्टचं छोटं मशीन फार सुखाचं असतं. वजन किलोभर, आणि पुढच्या रिंगवर आकडे असलेला क्लच. ठरावीक पिळानंतर तो सटकतो, त्यामुळे प्लायवूडमध्ये स्क्रू खोल रुतत नाही. पण काँक्रीटची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. 'इम्पॅक्ट ड्रायव्हर' नावाची आखूड तोंडाची गोष्ट शेजारी ठेवलेली असते, ती फक्त स्क्रू-बोल्ट आवळण्यासाठी. तिचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात, भिंतीच्या दिशेने नाही.

इथे व्हिडिओंबद्दल बोलायलाच हवं. माझी मावसबहीण अमेरिकेत राहते. तिने एका रविवारी बॅटरीच्या ड्रिलने सगळ्या खोल्यांत शेल्फ लावले आणि फोटो पाठवले. तिची भिंत म्हणजे आत दर 16 इंचांवर लाकडी उभे खांब आणि वर जिप्समची पातळ फळी. तिथे ते मशीन अगदी योग्य आहे. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अशाच घरांतून येतात आणि आपण ते कल्याणच्या किंवा वाकडच्या काँक्रीटला लावायला जातो. तिकडून येताना वायरचं मशीन भेट म्हणून आणणाऱ्यांनाही सांगते, ते 120 व्होल्टचं असतं, आपल्या 230 ला लावलं की जळतं. चार्जरवरही 'इनपुट' वाचूनच पिन घालावी.

मशीन घेतल्यावर ते टिकवणं आपल्या हातात असतं. आतला पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, म्हणून हळू वेगात जोर देऊन चालवलं की मोटर तापते आणि पंखा मात्र हळू फिरतो. गरम झालं तर लगेच बंद करून ठेवण्यापेक्षा मिनिटभर मोकळं, पूर्ण वेगाने फिरवावं, म्हणजे हवा खेळते. कार्बन, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोहोचवणारे ठोकळे, झिजले की आत ठिणग्या वाढतात आणि मशीन अडखळतं. कार्बनची जोडी स्वस्तात मिळते, त्यासाठी मशीन टाकून देऊ नये. पिनला अर्थिंगचा तिसरा पाय नाही म्हणून घाबरू नये. पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं मशीन, त्याला अर्थिंग लागत नाही. तरी भिंतीतल्या वायरचा धोका उरतोच, म्हणून घरात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे का हे त्या निमित्ताने बघून घ्यावं.

आणि हे फार कळकळीने सांगते, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू नयेत. संरक्षण म्हणून घालतात आणि फिरता चक तोच मोजा ओढून बोट आत नेतो. ओढणी काढून ठेवावी, पदर खोचावा, केस बांधावेत. डोळ्यांना गॉगल हवाच, विशेषतः छतात भोक पाडताना, कारण सगळी भुकटी चेहऱ्यावर येते. काँक्रीटच्या भुकटीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लावावा. लहान मूल त्या खोलीत नसावं. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो.

एवढं सगळं सांगितल्यावरही लोक विचारतात, मग घेऊ कुठलं? विटेचं किंवा चिऱ्याचं घर असेल तर वेग कमीजास्त होणारं, उलटं फिरणारं, बाजूची मूठ असलेलं 13 एमएमचं साधं इम्पॅक्ट ड्रिल घ्या, ते वर्षानुवर्षं साथ देईल. सिपोरेक्स असेल तर त्याहून छोटं किंवा बॅटरीचंही चालेल. काँक्रीटच्या भिंतींचं घर असेल तर इम्पॅक्ट ड्रिलवर पैसे घालवू नका. घरात 12 व्होल्टचं छोटं मशीन ठेवा, आणि हॅमर मशीन सोसायटीने मिळून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एका फ्लॅटला ते वर्षातून दोन-चारदा लागतं, बाकीचा वेळ माळ्यावर पडून राहतं. ऐंशी फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये ऐंशी मशीनं कशाला? ऑफिसमध्ये एक पेटी, वहीत सही, सोबत गॉगल आणि मास्क, वापरायची वेळ सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा. कमिटीपुढे मी हा विषय मांडलाय. दोन-तीन जणांनी, मोडलं तर भरपाई कुणाची, असं विचारलं. वर्गणीतूनच दुरुस्ती आणि कार्बन बदलण्याचा खर्च काढावा असं माझं म्हणणं आहे. बिट मात्र ज्याने त्याने आपले आणावेत, एक सहाचा आणि एक आठचा, दोन्ही एसडीएस प्लस.